जुन्या कमांडला दिसणारा हरेश

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. अमावास्येला बायको नारळ ओवाळून टाकायला निघाली की मी म्हणायचो, अगं, त्यापेक्षा खोबऱ्याच्या वड्या कर! इथले इतरांचे अनुभव वाचतानाही मी निम्म्या वेळा हसतो, माफ करा. पण हा अनुभव माझा स्वतःचा आहे. यात ना वड आहे, ना विहीर, ना पांढरी साडी... भर दिवसा, ट्यूबलाइटखाली घडलेला आहे.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. मी पालघरला राहायचो आणि तारापूर एमआयडीसीतल्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. विभाग कसला, एक खोली आणि मी. खोलीत युनिक्सचा सर्व्हर आणि त्याला केबलने जोडलेले हिरव्या अक्षरांचे टर्मिनल – गेटवर, लॅबमध्ये, अकाउंट्सला, स्टोअरला. माउस वगैरे लाड नव्हते. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, मशीन उत्तर देणार.

स्टोअरच्या टर्मिनलवर हरेश बसायचा. जवळच्या दांडी गावच्या कोळीवाड्यातला. घरची होडी, बाप-भाऊ दर्यावर, आणि हा शिकून कंपनीत लागलेला. त्याने डबा उघडला की खोलीभर सुक्या बोंबलाचा वास. मी शाकाहारी, तरी शिव्या घालत रोज त्याच्याच समोर जेवायला बसायचो. त्याच्या लग्नात मी नाचलो होतो, त्यामुळे त्याची बायको जयवंती मला भावजी म्हणायची.

त्या वर्षी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेरीला भावाच्या होडीवर एक माणूस कमी पडला, म्हणून हरेश रजा टाकून गेला. परतताना वारा फिरला आणि होडी उलटली. बाकीचे फळ्यांना धरून किनाऱ्याला लागले. हरेश लागला नाही. खूप शोधलं, पण देहसुद्धा मिळाला नाही. आणि देह बघितल्याशिवाय जयवंती बांगड्या काढायला तयार होईना. शेवटी सासऱ्याने सांगितलं, नारळी पुनवेपर्यंत थांबू. पुनवेला होड्या परत दर्यात जातील, त्यानंतर पोरी, तुझा हट्ट चालायचा नाही.

इकडे ऐन पावसाळ्यात आमच्या सर्व्हरचं अपग्रेड झालं. मुंबईहून इंजिनीअर आला, टेप घालून नवीन व्हर्जन चढवली, चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून माझी साडेसाती सुरू. फाइलींची यादी वाकडीतिकडी येतेय, प्रिंटर कागदामागून कागद नुसती चिन्हं ओकतोय, डिस्क अर्धी रिकामी असून मशीन म्हणतंय भरली! अकाउंट्सवाले माझ्या नावाने खडे फोडत होते. शोधता शोधता कळलं – इंजिनीअरने जुन्या कमांड एका फोल्डरमध्ये जपून ठेवल्या होत्या, आणि मशीन नव्या कमांड सोडून आधी तिथेच जात होतं. कमांड जुनी, फाइल नवी. दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचायला घेतल्यासारखं. मशीनला नवा रस्ता दाखवला आणि सगळं सुतासारखं सरळ झालं.

पण त्या गोंधळात मी ‘हू’ चालवली होती. आत्ता मशीनवर कोण कोण बसलंय हे सांगणारी ही साधी कमांड. उत्तरात शेवटचं नाव होतं हरेशचं. स्टोअरच्या टर्मिनलवर.

नवी ‘हू’ चालवली... हरेश नाही. जुनी चालवली... आहे. स्टोअरमध्ये धावत गेलो, तर तिथलं टर्मिनल अपग्रेडच्या वेळीच काढून भंगार शेडमध्ये टाकलेलं. इंजिनीअरला फोन लावला. तो हसला. “अरे साब, कचरा है. पुराना कमांड नयी फाइल गलत पढ़ रहा है. उड़ा दो.”

पटलं मला. अगदी पटलं. पण ही कमांड आणखी एक गोष्ट सांगते – त्या माणसाने शेवटचं बटण कधी दाबलं. दिवस उलटून गेला तर नावापुढे ‘ओल्ड’ येतं, आणि आत्ता, या मिनिटाला दाबलं असेल तर नुसता ठिपका. हरेशपुढे ‘ओल्ड’ कधी आलंच नाही. दिवसातून केव्हातरी ठिपका यायचाच. म्हटलं, खारी दमट हवा आहे, केबलमध्ये पाणी शिरलं असेल. सर्व्हरमधून ती केबलच उपटली. दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा हजर.

हे मी स्टोअरमधल्या एकापाशी बोललो. बोललेलं एमआयडीसीलगतच्या बोईसरच्या बाजारातून दांडीला पोचायला कितीसा वेळ लागतो? एका दुपारी वॉचमन आला, “साब, दांडी से कोई बाई आयी है.”

जयवंती भिजलेली होती. अर्ध्या झालेल्या त्या पोरीकडे बघवेना. स्टुलावर बसली आणि म्हणाली, “भावजी, तेचं नाव कंचं, तेवडं दावा.”

मी पडद्यावर बोट ठेवलं. तिने त्या हिरव्या अक्षरांवरून हात फिरवला. मी जुनी कमांड पुन्हा चालवली आणि नेमका ठिपका आला. म्हणजे काय ते तिला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली, मग म्हणाली, “आता आमच्याकडं पानी भरलं आसंल.”

“काय?”

“भरती, भावजी. उंद्या जरा उशिरा येल बगा तुमचा ठिपका.”

दुसऱ्या दिवशी तो उशिराच आला. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. भरती रोज पुढे सरकते हे मी शाळेत शिकलो होतो. पण कॉम्प्युटरला कोणी शिकवलं?

“जित्ता हाय ना मंग तो?” पुढच्या वेळी आली तेव्हा तिने विचारलं. मी तिच्यासाठी चहा सांगितला. ती अधूनमधून येत राहिली. स्टुलावर बसून पडद्याशी हळू आवाजात बोलायची – तुजी आय जेवत नाय, भाऊ कुनाशी बोलत नाय... मी पाठ करून कागद चाळत बसायचो. एकदा म्हणाली, तेला लिवा, घरला ये. दुसऱ्या टर्मिनलवर निरोप पाठवायची कमांड असते. मी हरेशच्या नावाने निरोप टाइप केला. मशीनने उत्तर दिलं, असा कोणी माणूस इथे बसलेला नाही.

“काय बोलला?”

“निरोप पोचला नाही, वहिनी.”

नारळी पुनव तोंडावर आली तेव्हा ती शेवटची आली. या वेळी पडद्याकडे बघितलंही नाही.

“तो येत नाय, भावजी. पानी भरलं का तेला आनून तेच्या खुर्चीवर बशिवतंय, न् तितंच तो अडकतंय. ना घरला, ना दर्यात. माज्यानं बगवत नाय. मोकळा करा तेला.”

एखाद्याला मशीनवरून उठवायचं तर त्याचा चालू असलेला प्रोग्राम मारावा लागतो. हरेशचा एकही प्रोग्राम चालू नव्हता. जे चालूच नाही ते बंद कसं करणार? दोन-तीन प्रकारे करून बघितलं, प्रत्येक वेळी मशीनचं उत्तर एकच – असं काही नाही. आणि जुनी ‘हू’ मात्र म्हणतेय, आहे! शेवटी इंजिनीअर म्हणाला होता तेच केलं. जुन्या कमांडचा अख्खा फोल्डर पुसून टाकला. मग ‘हू’ टाइप केलं. मी, अकाउंट्स, गेट. बस.

“गेला?” तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण तिच्यासमोर जमलं नाही. “वहिनी, मी फक्त तो दाखवणारी कमांड काढली. आता दिसत नाही, एवढंच.”

ती पदर सावरून उठली.

“दिसत तं तो दर्यातबी नाय, भावजी. तेवड्यावरनं गेला म्हनू?”

पुनवेला दांडीच्या दर्यात नारळ पडले, होड्या गेल्या, आणि जयवंतीच्या बांगड्या उतरवल्या. मला बोलावणं होतं. पाय उचलला नाही. जिला नवरा बघायचा होता तिला मी एक ठिपका दाखवला आणि शेवटी तोही पुसला, हे डोक्यातून जात नव्हतं.

त्यानंतर मी बऱ्याच जाणकारांना विचारलं. फाइल चुकीची वाचली जाते, जुनं नाव कुठेतरी उरलेलं असतं, इथपर्यंत सगळे सांगतात. भरतीचं म्हटलं की विषय बदलतात. अपग्रेडच्या आधीची बॅकअप टेप सर्व्हर भंगारात जाईपर्यंत माझ्याच कपाटात होती. जुनी ‘हू’ त्यातून परत चढवायला फार वेळ लागला नसता. पण ती टेप मी कधी मशीनमध्ये घातली नाही. तो अजून तिथेच बसलेला दिसला असता, तर मी दांडीला जाऊन वहिनीला काय सांगणार होतो?