शिळ्या सॅलडची परात

"आधी मोडून बघ, मग बोल," असं भाजीवाल्याला ऐकवत मावशी काकडी कानाजवळ नेऊन मोडायच्या. कट्‌कन आवाज आला तर ठीक, नाहीतर अख्खी टोपली परत.

बारामतीत मी मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते. मावशी जवळच्या कन्हेरी गावाहून आमच्या मेसमध्ये कामाला यायच्या. तुम्ही कधी मेसमध्ये जेवला असाल, तर तिथलं सॅलड तुम्हीही बाजूला सारलं असेल. मावशींचं कुणी सारत नसे. काकडी, गाजर, मुळा, कोबी. पोरींची रांग लागली की मगच त्या विळी पुढ्यात ओढायच्या. मीठ-लिंबू तर ताट समोर आल्यावर.

"आत्ताच मीठ घातलं तर पानी सुटतंय. पोरींनी काय पानी चावायचं?"

मग नवा ठेकेदार आला. उद्याचं सॅलड आजच चिरून ठेवायचं, असा त्याचा हुकूम. मावशी भडकल्या. "तुमच्या घरी असलं खात्यात व्हय?" त्याने दुसऱ्या बाईकडून चिरून घ्यायला सुरुवात केली. गाजर पांढरं पडायचं, काकडी बुळबुळीत व्हायची. मुली माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "बघते," मी म्हणाले. बघितलं काहीच नाही.

एके दिवशी संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांसह जेवायला आले. त्यांच्या टेबलावर टोमॅटोची फुलं आणि तेव्हाच चिरलेली कोवळी काकडी. पलीकडे मुलींच्या पंगतीत आदल्या दिवशीची परात.

मावशींनी ती परात उचलली आणि थेट अध्यक्षांसमोर ठेवली.

"सायेब, पोरी हे खात्यात. तुमी बी चाखा."

अध्यक्ष हसले, रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, "मावशी फार स्पष्ट बोलतात हं." परातीला हात मात्र लावला नाही. ठेकेदार माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हीच सांगा, मुलींची कधी तक्रार आहे का?"

मी ताटाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशींना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. कारण काय, तर उद्धटपणा! आणि पोरींनी सॅलडवरून आवाज उठवला, तेव्हा सॅलडच बंद झालं. ताजं द्या म्हटलं की काहीच द्यायचं नाही, हा कुठला न्याय? आज हे लिहितानाही माझं डोकं तापतं. ठेकेदारावर तापतं, त्याहून जास्त स्वतःवर.

महिन्याभराने मी कन्हेरीला गेले. मावशी अंगणात मुळे धूत होत्या. "मी अध्यक्षांशी बोलते, परत चला," म्हणाले.

"न्हाय बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "तवा मी एकलीच बोलले. आता तुमी बोला."

त्यांनी मुळा चिरून माझ्यापुढे ठेवला. तो मी तिथेच बसून संपवला.

सोमवारी मुलींच्या सह्यांचा अर्ज घेऊन मी अध्यक्षांकडे गेले. पहिली सही माझी होती. बसायला सांगितलं, तरी मी उभीच राहिले आणि शेवटपर्यंत बोलले. पुढच्या आठवड्यात पोरींसमोर ताजी काकडी चिरली जाऊ लागली.

मावशी मात्र परत आल्या नाहीत. त्यांच्या जागेवर आता दुसरी बाई बसते. पोरी तिलाही मावशीच म्हणतात. मला मात्र अजून ती हाक मारता येत नाही.