पालथ्या चपला

माणसाचं तोंड खोटं बोलेल, पण त्याची चप्पल कधी खोटं बोलणार नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस उभ्या जालना जिल्ह्यात एकच झाला, आणि ते म्हणजे माझे साडू. आष्टीच्या शाळेत ते पी.टी.चे मास्तर होते. माझी बायको थोरली बहीण, त्यांची धाकटी, म्हणून ते मला दादा म्हणत आणि मी त्यांना सगळ्या गावासारखं मास्तर म्हणे. आजही आष्टीत त्यांचं नाव निघालं की कुणीतरी हसून म्हणतं, ‘कॉम्प्युटरवर सांधे तपासायचे ते मास्तर ना? सख्ख्या साडूलाच काठी धरायला लावली त्यांनी.’ तो साडू मी. ती गोष्ट खोटी आहे. हे मी फार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

मास्तर कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यापाशीच अडकत. तिथे पडलेल्या चपला एकेक उचलून पालथ्या करत आणि तळ निरखत बसत. पालथी चप्पल राहिली की घरात भांडण होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे बायका आतून ओरडत, ‘मास्तर, सरळ करा आधी त्या.’ मास्तर करत, पण तोवर घरातल्या कुणाची कंबर धरते आणि कुणाचा घोटा वळतो हे त्यांना कळलेलं असे. लग्नात लोक पंगतीची वाट बघत आणि मास्तर मांडवाच्या दाराशी चपलांच्या ढिगापुढे उकिडवे बसलेले असत. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी त्या ढिगातून एक चप्पल काढली आणि सबंध मांडवात तिचा धनी शोधत फिरले. चप्पल निघाली नवरदेवाच्या मामाची. मामाला वाटलं, काहीतरी मानपान आहे. मास्तर म्हणाले, ‘पाव्हणं, डाव्या पायावर भार देऊन राह्यलात तुम्ही. किती दिवस झाले?’ मामा चपापला. उजवा घोटा सहा महिन्यांपासून दुखत होता आणि त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बिनमिशीच्या पोराला रांगेत उभं करून ‘सावधान’ म्हणण्यात त्यांची हयात गेली, पण कवायतीकडे त्यांचं लक्ष कधी नसेच. कोण खांदा पाडून उभा आहे, कुणाची टाच टेकत नाही, तेच बघत. गावात मुरगळलं, लचकलं की लोक त्यांच्याकडे येत. पण मास्तर कुणाचा सांधा ओढून बसवत नसत. ‘मला नुस्तं दिसतं. दुरुस्त करायचं ज्ञान मला न्हाई,’ असं साफ सांगत. मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं आणि पुण्याची सून आली, वैशाली. ती फिजिओथेरपिस्ट होती. गोळ्या-इंजेक्शनांऐवजी व्यायाम देऊन दुखणी बरी करायची. मास्तरांना वाटलं, आपल्याला दिसतं आणि हिला दुरुस्त करता येतं, मग अडलं कशात? अडलं होतं पुणे आणि आष्टीमधल्या अंतरात. तेवढ्यात परतूरला आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर नेट कॅफे निघाला आणि मास्तरांना ते अंतरही नाहीसं झाल्यासारखं वाटलं.

दर रविवारी मास्तर आष्टीहून जीपमध्ये चार-पाच दुखरी माणसं भरून आणत. आधी आमच्या ओसरीवर चहा होई. मग मास्तर खडू काढत आणि प्रत्येकाच्या सदऱ्यावर मागून दोन्ही खांद्यांवरून एक रेघ आणि मणक्यावरून एक रेघ ओढत, म्हणजे कॅमेऱ्यात वाकडेपणा दिसावा. माणसं शिंप्यानं आखलेल्या कापडासारखी दिसत आणि तशीच बाजारातून चालत कॅफेत जात. तिकडे पुण्याहून कॉम्प्युटरच्या पडद्यावर वैशाली विचारी, ‘शून्य ते दहामध्ये दुखणं किती?’ या प्रश्नाला आमच्याकडचा माणूस हमखास ‘लई’ एवढंच उत्तर देतो. मास्तरांनी त्यावर स्वतःचं माप काढलं. भरलेला हंडा उचलवत नाही म्हणजे चार, कळशी उचलवत नाही म्हणजे सहा, तांब्या म्हणजे आठ आणि वाटीही उचलवत नसेल तर दहा. वैशालीला हे माप इतकं पटलं की ती पुण्याच्या लोकांनाही तांब्याचं विचारायला लागली.

लाइन मात्र कधी धड नसे. चित्र मध्येच थिजे. एकदा एका म्हाताऱ्याला वैशालीनं हात वर करायला सांगितलं आणि चित्र अडकलं. मास्तर म्हणाले, ‘बाबा, तिकडं हात पोचेस्तोवर खाली घेऊ नका.’ म्हातारा चांगली पाच मिनिटं हात वर धरून उभा राहिला. चित्र सुरू झाल्यावर वैशाली सासऱ्यांना म्हणाली, ‘मामा, यांचा खांदा तर मस्त आहे. यांना का आणलं?’ म्हातारा म्हणाला, ‘आणला तव्हा दुखत न्हवता बाई. आता दुखतोय. मी गुडघ्यासाठी आल्तो.’

हसू येतं, पण माणसं बरी होत होती. गयाबाई नावाची कापूस वेचणारी बाई होती, तिचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. केस विंचरायला तिला सुनेची मनधरणी करावी लागे. वैशालीनं तिला भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला सांगितलं. मास्तर रोज तिच्या घरी जाऊन भिंतीवर खडूची खूण करत. तीन महिन्यांत खुणा तिच्या कानापर्यंत चढल्या होत्या.

त्याच सुमारास माझं दुखणं सुरू झालं. एका रविवारी मास्तरांनी माझी चप्पल उचलली, बराच वेळ बघितली आणि हलकेच म्हणाले, ‘दादा, खुबा हाय हा. जांघेत दुखतं का?’

दुखत होतं. मांडी घालून बसताना जीव जायचा. पण मी म्हणालो, ‘छे. गुडघा आहे.’

‘मंग चला, वैशालीला दाखवू.’

तहसीलमध्ये मोठा कारकून म्हणून मी निवृत्त झालो होतो. मी त्या प्लायवूडच्या कप्प्यात खुर्चीवर बसलो आणि पडद्यावर वैशाली दिसली. मला बघताच तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, ‘काका, इथूनच पाया पडते.’ माझी चूक तिथेच झाली. पाया पडणाऱ्या सुनेला जांघेतलं दुखणं कसं सांगायचं? तिनं बरोबर तेच विचारलं. जांघेत दुखतं का, मांडी आत वळवली तर कळ येते का, संडासला बसताना त्रास होतो का. ‘न्हाई, बिलकुल न्हाई,’ मी म्हणत राहिलो. मास्तरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘मी जरा बाहेर थांबतो. मोकळं बोला.’ ते बाहेर गेले तेव्हा मला आणखीच लाज वाटली. वैशालीनं गुडघ्याचे व्यायाम दिले, पायाला वाळूची पिशवी बांधून उचलायचे. वर बजावलं, ‘काका, महिन्यात फरक पडला नाही तर खुब्याचा एक्स-रे नक्की काढा.’

मी तो काढला नाही. वाळूची पिशवी मात्र कारकुनी इमानदारीनं रोज उचलली. महिन्याभरात काठी आली. बाजारात लोक विचारायला लागले आणि मी म्हणालो, ‘सूनबाईच्या कॉम्प्युटरची कृपा.’ तेवढंच म्हणालो. पण मोठ्या कारकुनाचा शब्द होता. आष्टीची जीप बाजारातूनच सुटते, तो शब्द संध्याकाळच्या आत गावात पोचला. पुढच्या रविवारी मास्तरांबरोबर दोघं आले, त्याच्या पुढच्या रविवारी कुणी नाही. गयाबाईला पोरांनी घरी बसवलं, भिंतीवरचा व्यायामही बंद केला. कानापर्यंत आलेला हात तिथेच राहिला.

मास्तर तरीही आले, एकटेच. ओसरीवर चहा घेतला. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो. ते म्हणाले, ‘दादा, गावात मी सांगून टाकलं, माझीच नजर चुकली, खुब्याला मीच गुडघा म्हणालो म्हणून. वैशालीला तेच सांगितलं. तुम्ही कुणाशी काही बोलू नका.’

‘मास्तर, पण...’

‘लोकांचं जाऊ द्या. खुब्याचा फोटो तेवढा काढा. जल्दी काढा.’

पुढे मी औरंगाबादला खुब्याचं ऑपरेशन करून घेतलं. तिथल्या पुरुष डॉक्टरनं कुठे दुखतं विचारल्याबरोबर मी जांघेवर हात ठेवला. एक क्षण लागला नाही. मास्तर मला बघायला आले आणि खाटेखालच्या माझ्या झिजक्या चपला पिशवीत घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी नवीन जोड आणून ठेवला. ‘आता या दोन्ही सारख्या झिजल्या पाहिजेत. वर्षानं येऊन बघतो,’ म्हणाले. ते वर्ष त्यांना पुरं झालं नाही. झोपेतच गेले.

गेल्या महिन्यात मी वैशालीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘काका, मामा चूक त्यांची म्हणायचे, पण मला वाटायचं, आपणच नीट विचारलं नाही. तेव्हापासून गुडघ्याचा माणूस आला की मी आधी खुबा बघते.’ रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, ‘तू बरोबरच विचारलं होतंस, बाई. मीच खोटं सांगितलं. तुझे मामाही बरोबर होते.’ हेच मी गयाबाईलाही सांगायला हवं होतं, पण ती आता नाही.

मास्तरांनी दिलेल्या त्या चपला अजून माझ्याकडे आहेत. दोन्हींच्या टाचा सारख्या झिजल्या आहेत, अगदी बराबर. रविवारी सकाळी मी त्या उंबऱ्यापाशी पालथ्या घालून ठेवतो. बायको पूर्वी ओरडायची. आता ती बघते, आणि दुपारपर्यंत सरळ करत नाही.