सावकाश ओढायला मीच शिकवले होते

दम्याचा पंप आणि पूड ओढायचे यंत्र यांतला फरक मी आधी सांगते, कारण आम्हांला तो कोणी सांगितला नाही. पंप दाबला की फवारा येतो. त्याच क्षणी श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा. पूड कॅप्सूलमध्ये असते. यंत्र कॅप्सूलला भोक पाडते, पण पूड बाहेर काढायला श्वास जोरात, एका झटक्यात ओढावा लागतो. दोन्हींत शेवटी दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखायचा, साम्य एवढेच.

माझ्या थोरल्या भावाने डिचोलीत वर्षानुवर्षे खनिजाचे ट्रक चालवले. पंप त्याला मीच शिकवला, वर्गात पाढे घोटून घ्यावेत तसा. "एक, दोन, तीन... सावकाश, दादा." पुढे एकदा फार्मसीत पंप संपला होता. दुकानदाराने पुडीचे यंत्र हातावर ठेवले. "औषध तेंच, बाई. डबी तेवढी वेगळी."

तीन आठवड्यांत दादाचे वाक्य पुरे होईना. घराच्या चार पायऱ्या चढताना तो दोनदा बसू लागला. मी त्याच्यावरच चिडले.

"कॅप्सूल चुकवतोस ना?"

"नाय गे बाय, तुझी शपथ."

एके सकाळी मी त्याची वापरलेली कॅप्सूल उघडली. पूड जवळजवळ सगळी आतच होती. म्हणजे तीन आठवडे तो, माझाच धडा इमानाने गिरवत, नुसती हवा ओढत होता! खोक्यातला कागद मी भिंगाखाली धरला. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, की ओढताना कॅप्सूल भिरभिरल्याचा आवाज आला पाहिजे.

दादाला रिक्षात बसवून मी तडक फार्मसीत गेले आणि यंत्र काउंटरवर आपटले.

"बाई, गिऱ्हाईक उभं आसा," दुकानदार म्हणाला.

"राहू दे. त्यालाही ऐकू दे."

दादाने ओढले. आवाज नाही.

"जोरात, दादा!"

"तूच हळू म्हणान शिकवलंस," तो धापा टाकत म्हणाला. "आता सगळ्यांदेखत माकाच झाप."

मागचे गिऱ्हाईक हसले. मला हसू आले नाही; तो खरेच बोलत होता.

तिसऱ्या खेपेला तीच कॅप्सूल भिरभिरली. स्पष्ट, भुंग्यासारखी.

"शाबास!" दुकानदार म्हणाला.

यंत्र देताना त्याने एक वाक्य सांगायला हवे होते, घेताना मी एक प्रश्न विचारायला हवा होता. दोघांनीही ते केले नाही. माझी चूक मी दादाजवळ कबूल केली आहे. पण ती शाबासकी द्यायचा अधिकार त्या माणसाला कोणी दिला, हे मला अजून कळलेले नाही.