दादाला सांगायचं नाही

तुरुंगातल्या भेटीला मुलाखत म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीला जावं तसा मी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो, कारण आईचा हुकूमच होता, आपण बरे दिसलो तर दादाला बरं वाटतं. दर दुसऱ्या शनिवारी आम्ही कळंबोलीहून पनवेलला जायचो, तिथून एसटीने दोन तास, आणि मग रांग. अलीकडच्या जाळीला आम्ही, पलीकडच्या जाळीला तो, मध्ये हातभर मोकळी जागा. एकाच वेळी वीस घरं आपापल्या माणसाशी ओरडून बोलत. आई मुळात हळू आवाजाची, पण तिथे बेंबीच्या देठापासून ओरडायची, "जेवलास का?" दादा आधी विचारायचा, "बाबांचा गुडघा कसाय?" आणि मग सांगायचा की जेवलो.

स्टील मार्केटमधल्या मारामारीत एक माणूस मेला. पकडलेल्या तिघांत माझा थोरला भाऊ होता. पहिला हात कुणी उचलला हे आम्ही त्याला कधीच विचारलं नाही. जामीन मिळाला नाही आणि खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. सोसायटीत सांगितलं होतं, तो मस्कतला कामाला गेलाय. शेजारच्या वहिनी विचारायच्या, येताना खजूर आणणार ना? आई म्हणायची, आणेल की. दादाची पत्रं तुरुंगाचा शिक्का घेऊन यायची, म्हणून ती नवीन पनवेलला काकांच्या पत्त्यावर मागवायचो.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी बाबा गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षा येईपर्यंत संपलं. घरात अजून रडारड चालू होती तेवढ्यात काकांनी मला गॅलरीत नेलं.

"दादाला सांगायचं नाय. आत टेन्शनमध्ये काय करून घेईल, नेम नाय."

"काका, अग्नी त्याने द्यायला हवा. वकील म्हणाले होते, अर्ज केला तर कोर्ट तेवढ्यापुरतं सोडतं."

"सोडतं ना, पोलीस व्हॅनमधून. बेड्या घालून इथे गेटवर उतरवतील. मस्कतहून आला म्हणून सांगणारेस?"

सगळं काकांच्या गळ्यात मारायला मला आवडलं असतं, पण खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. माझं लग्न ठरत होतं आणि मुलीकडचे दोनच बिल्डिंग पलीकडे राहत होते. व्हॅन त्यांच्या खिडकीतून दिसली असती. वकिलांना फोन केलाच नाही. दुपारी अग्नी मी दिला.

दहाव्याला न्हाव्याने माझं डोकं तुळतुळीत केलं. घरी येऊन आरशात बघितलं आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हे डोकं घेऊन जाळीपुढे उभा कसा राहणार? काका एवढे व्यवहारी, त्यांनाही सुचलं नव्हतं. आईचं तर त्याहून वाईट. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असायचं, ते आता नव्हतं. काका म्हणाले, "वहिनी, भेटीपुरती टिकली लावा."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "लावीन एकवेळ. पण बाहेर आल्यावर परत पुसायची कुणी? तुम्ही?"

काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आईने मुलाखतीला जाणं सोडलं, आणि केस वाढेपर्यंत मीही. नवरा गेला आणि मुलगाही बघायला मिळेना, तरी ती आम्हाला काही बोलली नाही. शनिवारी फक्त लवकर उठून बसायची. तळोज्याकडून कारखान्यांचा तो कुजकट वास यायचा, तरी खिडकी लावायची नाही.

दादाची पत्रं वाढली. आई का येत नाही? कुणी आजारी आहे का? बाबांचा गुडघा? मी लिहिलं, "बाबांचा गुडघा आता दुखत नाही." हे खोटं नव्हतं, आणि आपण कसं बेमालूम लिहिलं याचं मला त्या क्षणी कौतुकही वाटलं. त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते.

सहा आठवड्यांनी केस नखाएवढे झाले तसा एकटाच गेलो. दादा जाळीपाशी आला आणि माझ्या डोक्याकडे बघत राहिला.

"केस रे?"

"उन्हाळा आहे. बारीक केले."

"आई?"

"तिला एसटी लागते हल्ली."

त्याने नोकरीचं विचारलं, माझ्या लग्नाचं विचारलं. परतीच्या एसटीत माझ्या लक्षात आलं की आज त्याने गुडघ्याचं विचारलंच नाही.

घरी येऊन आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी येणार. अशीच येणार." काकांना विचारायचं नाही हेही तिनेच बजावलं.

त्या शनिवारी आई मोकळ्या कपाळाने जाळीपुढे उभी राहिली. दादा आला. त्याने डोकं तासून घेतलं होतं, मिशीसुद्धा, आता नुसते खुंट उगवले होते. नंतर कळलं, मागच्या भेटीच्याच संध्याकाळी तो बराकीतल्या न्हाव्यापुढे जाऊन बसला होता.

माझ्याकडे बघून तो म्हणाला, "उन्हाळा आहे."

आईने जाळीत बोटं घातली. त्यानेही पलीकडून घातली. तिने जेवलास का विचारलं नाही. आजूबाजूला सगळे ओरडत होते आणि आमच्या वाट्याची मिनिटं चालली होती. शेवटी त्यानेच विचारलं, "कधी?"

"पाडव्यानंतर चौथ्या दिवशी," मी ओरडलो. सोसायटीत ज्याची कुजबुजसुद्धा होऊ नये म्हणून मी धडपडलो होतो, ते आता वीस घरांना ऐकू जात होतं.

"अग्नी कुणी दिला?"

"मी."

त्याने कानामागे हात धरला. त्याला ऐकू आलं नव्हतं. मला पुन्हा, आणखी मोठ्याने ओरडून सांगावं लागलं.

"मी दिला."