एल्क आणि उशांचे अभ्रे

रिटायर व्हायला दहा महिने उरले असताना मी एल्कच्या परवान्यासाठी अर्ज का केला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दोन हजार सोळाची गोष्ट. हातात हरणाची शिकार होती, ती मला येत होती, आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. अशा वयात शहाणा माणूस आहे ते आवरतं घेतो. मी नवं काढून बसलो.

हरणांच्या मागे मी पंचवीस वर्षं होतो. स्कारबरोत गाड्यांच्या सीटा बनवायच्या कारखान्यात लाइनवर माझ्या शेजारी एक गोरा उभा असायचा. त्याची उत्तरेला थोडी जंगलजमीन होती. त्यानंच मला पहिल्यांदा तिकडे नेलं, बंदूक धरायला शिकवलं आणि एका मेपलच्या झाडावर बसायला फळी ठोकून दिली. दर नोव्हेंबरात मी आठवडाभर त्या फळीवर जाऊन बसायचो. हरणाची शिकार म्हणजे निम्म्याहून अधिक गप्प बसणं, आणि ते मला जन्मतःच येत होतं. हरीण पडलं की आतडी काढायची, दोरी बांधायची, ओढत गाडीपर्यंत आणायचं आणि गावातल्या खाटकाकडे टाकायचं. तो चार दिवसांनी पांढऱ्या कागदात बांधलेल्या पुड्या द्यायचा. म्हणजे पंचवीस वर्षांत मी एकही हरीण स्वतः कापलेलं नव्हतं. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

एल्क म्हणजे हरणाच्या जातीचंच जनावर, पण घोड्याएवढं. आमच्या प्रांतात ती थोडीच आहेत, म्हणून परवान्यासाठी चिठ्ठ्या काढतात. माझा हा लाइनवरचा मित्र वर्षानुवर्षं अर्ज करत होता आणि त्याला कधी लागली नव्हती. त्याच्या आग्रहानं मी पहिल्यांदा अर्ज केला आणि मला लागली, तीही नराची. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मग म्हणाला, मी येतो, तुला एकट्याला जमणार नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "म्हणजे रिटायर झाल्यावर तू जास्तीच जंगलात राहणार. मग मी कुठे राहायचं?"

मी म्हणालो, बघू. आमच्या घरात 'बघू' हे माझं सगळ्यात लांब उत्तर. मुलगी लग्न होऊन मॉन्ट्रियलला गेली होती, घरात आम्ही दोघंच होतो आणि कारखाना सुटला की दिवसभर आम्ही दोघंच असणार होतो. तिनं विचारलेला प्रश्न एल्कचा नव्हता, हे मला कळलं होतं. मी काडतुसं मोजायला बेसमेंटमध्ये गेलो.

ऑगस्टमध्ये मित्राच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्याचं येणं राहिलं. आदल्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसवला होता, त्यामुळे बायकोनं सरळ सांगितलं, एकटा जायचं नाही, मी येते. खरं लिहायचं तर माझा चेहरा पडला. पंचवीस वर्षांत ती कधी आली नव्हती आणि ती यावी असं मला कधी वाटलंही नव्हतं. जंगल माझं होतं. तिला तिथे करायचं काय? पण डॉक्टरशी आणि बायकोशी एकदम वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती.

उत्तरेला बॅन्क्रॉफ्ट गावाच्या पुढे एक छोटं कॉटेज भाड्यानं घेतलं. तिनं राइस कुकर घेतला, बाटलीतला मसाला घेतला, जपमाळ घेतली आणि माझं न ऐकता सुकटही घेतली. मी म्हणालो, या वासानं पाच मैलांतले एल्क क्युबेकला पळतील. ती म्हणाली, मग आपणही घरी जाऊ.

पहिले दोन दिवस माझं काहीच जुळेना. हरणासाठी गप्प बसावं लागतं, एल्कसाठी तोंडात रबराचा पातळ पडदा धरून मादीसारखा आवाज काढावा लागतो. मित्रानं फोनवर शिकवला होता. साठीला टेकलेला वसईचा माणूस झाडाखाली बसून मादीचा आवाज काढतोय, हे वाडीत कुणाला कळलं असतं तर तिथली पुढची सात लग्नं त्यावरच गाजली असती. मी आवाज काढायचो, मलाच लाज वाटायची, मग अर्धा तास गप्प. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. आमच्याकडे विहिरीवरचा रहाट तेलावाचून कुरकुरायचा, तसा आवाज, वर चढत चढत जाऊन शिटीत संपणारा. मला वाटलं, कुणाचं तरी फाटक आहे. जंगलात फाटक कुठलं, हा विचार नंतर आला. तोवर तो समोर उभा होता.

एका गोळीत पडला. घड्याळात आठ वाजून गेले होते.

मी जवळ गेलो आणि माझं डोकंच चालेना. हे जनावर मी मारलं? याचं आता करायचं काय? परवान्याचा टॅग लावला, पोट उघडलं, तेवढं येत होतं. मग सवयीनं पाठीवरच्या पिशवीतून हरीण ओढायची दोरी काढली, शिंगांना बांधली आणि ओढलं. एल्क हलला नाही. मी मात्र चिखलात बसलो. उठून पुन्हा ओढलं. एवढी वर्षं या कामात घालवलेला माणूस घोड्याएवढ्या धुडाला दोरी बांधून ओढतोय, यात काही चुकतंय हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. गाडी दीड किलोमीटरवर होती, मध्ये दलदल होती. सप्टेंबरचं ऊन वर येत होतं आणि माशा जमायला लागल्या होत्या. दुपारपर्यंत कातडं सोलून मांस सावलीत गेलं नाही तर ते सडणार. मारलेलं सडू देणं हा कायद्यानं गुन्हा, आणि आमच्या आईच्या हिशेबानं पाप. मग टेकाडावर चढून बायकोला फोन लावला.

मी म्हणालो, पडलाय, पण हलत नाही. तिला वाटलं, माझ्याच छातीचं काहीतरी आहे. ती ओरडली, मग रडली, मग समजल्यावर शिव्या दिल्या. शेवटी तिनं एकच विचारलं, पोट उघडलंस का? मी हो म्हणालो. गाडी कुठे उभी आहे ते विचारून तिनं फोन ठेवला.

तिनं कॉटेजच्या मालकाला गाठलं आणि त्याच्या गाडीतून माझ्या ट्रकपर्यंत आली. मालकाला पाठदुखी, त्यामुळे तो रस्त्यावरूनच परतला. झाडांना मी खुणेच्या फिती बांधल्या होत्या, त्या धरत ती आली. डोक्यावर माझी जुनी केशरी टोपी, पायात ग्रोसरीला जायचे बूट, एका पिशवीत कॉटेजमधल्या सगळ्या सुऱ्या आणि दुसरीत उशांचे आठ अभ्रे आणि जेवणाचा डबा. एल्ककडे बघून तिनं कपाळावर क्रूस केला, बाह्या वर सारल्या आणि मला म्हणाली, पाय धर.

सासरे वाडीत लग्नाच्या आदल्या दिवशी डुकरं कापायचे, हे मला माहीत होतं. त्यांच्या हातचं मी जेवलोही होतो. पण त्यांना मुलगा नव्हता आणि थोरली मुलगी, म्हणजे हीच, बाराव्या वर्षापासून त्यांच्यासोबत पाय धरायला, पुढे सांधे सोडवायला बसायची, हे मला माहीत नव्हतं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि ही कोण बाई, असं मला खरोखर वाटत होतं. तिनं कातडं सोललं ते कपडे उतरवावेत इतक्या सहज. मी हाडावर सुरी घासत होतो तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. म्हणाली, हाड कापू नकोस, सांधा शोध, तो आपोआप सुटतो. तिनं बोटानं दाखवलं आणि मांडी खरंच सुटली.

मांस अभ्र्यांत भरलं, सावलीत फांद्यांना टांगलं आणि मग वाहायला लागलो. माझ्या छातीमुळे ती मला मोठं ओझं उचलू देईना, म्हणून छोटे तुकडे केले आणि खेपा वाढल्या. किती झाल्या ते मी मोजलं नाही. दलदलीत तिचा एक बूट गेला, तो परत मिळाला नाही. पायाला अभ्रा बांधून ती चालली. संध्याकाळी पाचच्या सुमारास शेवटची पिशवी ट्रकमध्ये बर्फावर पडली. काही सडलं नाही. काही वाया गेलं नाही.

आम्ही ट्रकच्या मागच्या फळीवर बसलो. दोघांच्या कोपरापर्यंत रक्त. तिनं भात आणि सुकट आणली होती, ती आम्ही त्याच हातांनी, नुसते पुसून, खाल्ली.

मी विचारलं, "तुला हे सगळं येतं, मग कधी बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

तिनं डब्यातला भात एका कडेला सारला. मग म्हणाली, "दर नोव्हेंबरला मला वाटायचं, याला हंटिंग-बिंटिंग काही नाही, याला माझ्यापासून लांब जायचंय. म्हणून मी कधी 'येते' म्हटलं नाही."

तसं नव्हतं, असं मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. जीभ उचलून टाळ्याला लावायला काय लागतं? पण मला खात्री नव्हती. त्या फळीवर बसून मी कशापासून लांब जात होतो? कारखान्यापासून, थंडीत कामावर जायच्या लांब रस्त्यांपासून, घरातल्या बोलण्यापासून? त्यात ती होती की नव्हती? मी शोधलं आणि मला सापडलं नाही. मी तिला तेवढंच सांगितलं, की मला माहीत नाही. तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, एल्कची चिठ्ठी काही पुन्हा लागायची नाही. मी म्हणालो, कठीणच आहे.

"मग हरणाला येते. नोव्हेंबरला," ती म्हणाली.

आनंद झाला नाही, भीतीच वाटली, हे मी लपवणार नाही. माझी फळी एका माणसाची होती. पण या वेळी मी 'बघू' म्हणालो नाही. ये, म्हणालो. आवाज मलाच परका वाटला.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही मित्राच्या जमिनीवर गेलो. तो काठी टेकून झाडाखाली उभा राहून आम्हाला हसत होता. एल्कचं मांस त्याच्या घरी आधीच पोचलं होतं. मी शिडीवर चढून मेपलला दुसरी फळी ठोकत होतो. आपण काय मिळवतोय आणि काय घालवतोय, याचा उलगडा मला तेव्हाही होत नव्हता. निम्म्यात एकदा मी हातोडा थांबवला आणि खाली बघितलं. ती नव्या बुटांत उभी होती, हात वर केलेला, आणि तिच्या बोटांत पुढचा खिळा तयार होता.