कॉफीची उगवण

तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. हसा बाप्पा, पण हातातला चहा सांभाळा! आमच्या गावात एवढा मोठा गाढवपणा आजवर कोणी केला नाही, आणि तो करणारा अध्यक्ष तुमच्यासमोर बसला आहे.

अध्यक्ष कशाचा? घाटंजीजवळच्या आमच्या गावात विषारी औषधं न फवारता कापूस पिकवणाऱ्यांचा एक गट होता, त्याचा. ती वर्षं कापसाची फार वाईट. भाव पडलेला, बियाणं बोगस निघायचं, आणि गाडीतून जो पाहुणा उतरे तो सांगे, "कापूस सोडा, हे लावा!" कोणी सफेद मुसळी लावायला सांगितली, कोणी कोरफड. एकानं तर जट्रोफा लावायला लावला, बांधावरच डिझेल पिकेल म्हणे! आम्ही सगळं लावून पाहिलं. शेवटी आपली कापसाची पऱ्हाटीच बरी म्हणून परत आलो.

अशात पुण्याहून रेवतीताई आल्या. लहान शेतकऱ्यांचा माल मध्ये दलाल न ठेवता रास्त भावानं घ्यायचा, हे त्यांचं काम. त्यांनी शेतं पाहिली, कापूस हातात घेऊन पाहिला, आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येते, तेव्हा ठरवू." जाताना माझ्या हातात एक पाकीट दिलं.

"ही कॉफी. डोंगरातल्या शेतकऱ्यांची आहे, तुमच्यासारख्याच लहान. आम्ही त्यांच्याकडून विकत घेतो. तुमच्यासाठी आणली."

गाडी गेली. पाकीट फोडलं, तर आत बिया!

आता मला सांगा, आम्ही कॉफी कुठं पाहिलेली? लग्नात, मशीनमधून निघणारी, फेसाची. नाहीतर डब्यातली भुकटी. बी कोणाच्या बापानं पाहिलं होतं? आणि त्या दिवसांत पाहुण्यानं हातावर बी ठेवलं म्हणजे आम्ही काय समजायचं? नवं पीक!

"सुनंदा, कॉफी लावायची हाय आपल्याले," मी बायकोला म्हटलं.

तिनं मूठभर बी नाकाशी नेलं. "अवो, हे त फुटाण्यावानी वास मारून राह्यलं."

"तुले काय समजते? डोंगरातलं बी असंच रायते!"

बोगस बियाण्यानं आमची तोंडं इतकी पोळली होती, की उगवण पाहिल्याशिवाय आम्ही दाणा मातीत टाकत नव्हतो. ओल्या गोणपाटात दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, आणि कोंब येतात का पाहायचं. मी तर अध्यक्ष! शेण, गोमूत्र, चुना कालवून बीजामृत केलं, कॉफी त्यात छान घोळली, आणि गुंडाळी माठाखाली ठेवली. डोंगरात गारवा असतो ना!

बातमी गावभर झाली. आमच्या गटातले रहीमभाई, मोटारी दुरुस्त करून वर कापूसही पिकवणारा माणूस, रोज सकाळी दारातून विचारायचे, "काय जी अध्यक्ष, बाळंतपण झालं का?"

आठवडी बाजारात लोक मला कॉफीची लागवड विचारायला लागले. आणि मी सांगायलाही लागलो! दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, सावलीला तूर कशी लावायची. कुठून आणलं हे ज्ञान, देव जाणे.

कोंब मात्र येईना. काळं पाणी गळायचं, आणि वास असा की मांजरानं घर बदललं. एके सकाळी माझं डोकं फिरलं. "बोगस! यायनंही फसवलं आपल्याले!"

रहीमभाईंनी हात जोडले. "अध्यक्ष, तोंड बंद ठेवा. सगळ्यायचा कापूस घरात पडून हाय. बाईले राग आला त पुन्हा त्याच दलालाच्या दारात उभं राहा लागते. आधी कापूस जाऊ द्या, मंग भांडा."

पटलं मला. खरंच पटलं!

ताई आल्या. सगळा गट अंगणात बसला. त्यांचं पहिलंच वाक्य, "कॉफी कशी वाटली?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. रहीमभाईंनी माझा पाय दाबला. "मस्त होती म्हणा," ते पुटपुटले.

मी उठलो, गुंडाळी आणली आणि ताईंसमोर खाटेवर सोडली.

"ताई, राग आला त येऊ द्या, पण तुमचं बियाणं बोगस हाय! एक दाणा उगवला नाई. त्या डोंगरातल्या कास्तकारालेही कोणीतरी फसवलं असंन, त्याले सांगा!"

ताई वाकल्या. वास आला तशा मागे सरकल्या. "दादा... या भाजलेल्या बिया आहेत. दळून कॉफी करायची."

 मग सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "फुटाणे!"

ताई इतक्या हसल्या, की पदरानं डोळे पुसावे लागले. मी मात्र घाईघाईनं गुंडाळी आवरायला लागलो. गेला सगळ्यांचा कापूस, माझ्या तोंडापायी! पण ताई म्हणाल्या, "मी जिथं जाते तिथं लोक म्हणतात, कॉफी छान होती. पाकीट फोडलेलंही नसतं. माल घेणारीच्या तोंडावर बोगस म्हणणारे तुम्ही पहिले. कापसाचंही मला असंच खरं सांगाल ना?"

"बाई, बेफिकीर राहा," रहीमभाई म्हणाले. "हा माणूस खोटं बोलूच शकत नाई. त्याले अक्कल लागते!"

आणि आमचा कापूस ठरला! रास्त भावानं, सगळ्यांचा. त्या दिवशी किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

सुनंदानं मूठभर बी बाजूला ठेवलं होतं. तिनं ते खलबत्त्यात कुटलं, दुधात उकळलं, गूळ टाकला. सगळ्यांनी बशा तोंडाला लावल्या आणि सगळ्यांचे चेहरे एकदम वाकडे झाले.

"कडू हाय," रहीमभाई म्हणाले. मग बशी पुन्हा पुढे केली. "पण ते आपला कापूस घेतात, त आपण त्यायची कॉफी काहून नाई घ्या?"

तेव्हापासून दर हंगामाला गट पैसे जमवून कॉफीचं एक पाकीट विकत मागवतो. आवडते कोणालाच नाही, पण बैठकीत सगळे पितात. पुढच्या वर्षीच्या पाकिटावर ताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: "भाजलेली आहे. अध्यक्षांनी पेरू नये."

सगळं गाव हसलं. मीही हसलो.

आणि घरी येऊन गुपचूप पाच-सहा दाणे ओल्या गोणपाटात बांधून ठेवले. ताई सांगतात, पण आपण उगवण पाहिल्याशिवाय कोणावर भरवसा ठेवत नाही!