शर्यत झाल्यावर बघू

मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, सरोवराकाठच्या आमच्या गावात कुणी फारसं बोलत नाही. खाणीत राबायला फिनलंडहून आलेल्यांची आम्ही नातवंडं-पतवंडं. खाणी बंद पडल्या, अबोला तेवढा चालू राहिला. अशा गावातही रेनो कांगासला लोक घुम्या म्हणत. हिवाळाभर तो रस्त्यावरचा बर्फ हटवायचा ट्रक चालवी आणि उरलेल्या वेळात शाळेच्या पोरांना लांब पल्ल्याचं स्कीइंग शिकवी. शिकवी म्हणजे स्वतः पुढे जाई. पोरांनी मागून यायचं.

बढाई मारायला त्याच्यापाशी एकच गोष्ट होती: घराण्याची संथ नाडी. शनिवारी घरामागचा सौना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवायचा, अंगातला घाम काढायचा, मग बाहेरच्या खोलीत कॉफी पीत गार व्हायचं आणि रेनोने एकेकाचं मनगट धरून ठोके मोजायचे. ज्याची नाडी सगळ्यांत संथ, त्याला वेलदोड्याच्या गोड पावाचा टोकाचा खरपूस तुकडा. तो बरीच वर्षं रेनोच्या मुलीलाच, साइमालाच मिळत होता. ती आता पंधरा वर्षांची होती आणि जिल्ह्यात तिच्यापुढे कुणी नव्हतं.

"अडतीस," एका शनिवारी रेनो म्हणाला. "तुझ्या आजोबांची पण चाळिसाखाली गेली नव्हती कधी."

"आजोबा तर मेले."

"ते झाडाखाली सापडून. नाडीने नाही."

संथ नाडी म्हणजे दमदार हृदय, यावर गावाचंही दुमत नव्हतं. त्यामुळे साइमा सौनात चक्कर येऊन पडली तेव्हा सगळे हसले. वरच्या बाकावरून घाईने उतरलं की कुणीही पडतं. ती पुन्हा पडली ती शाळेच्या जेवणघरात, हातात ताट घेऊन. तिथे तिची आई लेम्पी माझ्या शेजारी उभी राहून वाढत होती. तिने पोरीचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि एप्रन न काढताच तिला शहरातल्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरळ बोलल्या. "हृदयाचा वरचा कप्पा सांगतो, ते खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही. खालचा आपल्या मर्जीने चालतो. जन्मापासूनच असणार."

"म्हणजे हे खेळाडूचं हृदय नाही?" रेनोने विचारलं.

"खेळाडू ही आहे. हृदय आजारी आहे."

"सगळ्यांना मागे टाकते ती."

"टाकत असेल. काल रात्री झोपेत तिचं हृदय मध्येच थांबलं होतं. आपण होऊन सुरू झालं, हे नशीब. पेसमेकर बसवायला हवा."

"आणि स्की?" साइमाने विचारलं.

"पुढच्या हिवाळ्यात खुशाल. या हिवाळ्यात नाही. काठी मारताना हात ओढला गेला, तर पेसमेकरची हृदयात बसवलेली नवी तार निसटेल."

राज्याची शर्यत तीन आठवड्यांवर होती. रेनोने टोपी हातात फिरवली. "शर्यत झाल्यावर केलं तर?"

"मी थांबले नसते. पण सही तुमची लागते."

परतताना गाडीत लेम्पी म्हणाली, "मला बोलायचंय."

"बोलू की," रेनो म्हणाला. "शनिवारी."

यात त्याचा काही डाव नव्हता. छप्पर बदलायचं, गाडी विकायची, घरातलं सगळं सौनातच ठरे. पण सौनात आवाज चढवायचा नाही, देवळात वागावं तसं वागायचं, हे आमच्यात पोर चालायला लागायच्या आधी शिकवतात. तिथे जो गप्प, तो कबूल.

"शर्यत झाल्यावर बघू, असं मला वाटतं," शनिवारी रेनो सौनातल्या वरच्या बाकावरून म्हणाला.

"मला पण, इसा," साइमा म्हणाली. बापाला ती आजीच्या भाषेतच हाक मारी.

लेम्पीने पळीभर पाणी तापल्या दगडांवर ओतलं. वाफ फुसफुसत छताला गेली.

"लेम्पी?"

"ऐकलं मी."

ठरलं. बाहेरच्या खोलीत रेनोने साइमाचं मनगट बराच वेळ धरून ठेवलं. आकडा सांगितला नाही. टोकाचा तुकडा मात्र तिलाच दिला.

"मग तू बोलली का नाहीस?" सोमवारी बटाटे सोलताना मी लेम्पीला विचारलं.

"सौनात भांडू?"

"बाहेर आल्यावर बोलायचं."

"बाहेर आलो तोवर ठरलं होतं ना."

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात वादळ आलं. दुपारी रेनोला रेडिओवर निरोप आला: सरोवराकडचा रस्ता मोकळा कर, मागून रुग्णवाहिका येते आहे. कुणासाठी, ते त्याने विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत. तो बर्फ बाजूला सारत पुढे गेला, मागे लाल दिवा फिरत राहिला, आणि रस्ता ओळखीचा होत होत त्याच्या दारात संपला.

साइमा शेडमध्ये इस्त्रीने वितळवून स्कीला मेण लावत होती. लेम्पी तिथे पोचली तेव्हा पोर जमिनीवर पडलेली होती आणि गरम इस्त्रीने बाकाला भोक पाडलं होतं. किती वेळ झाला होता, ते त्या भोकावरून ज्याला काढायचं त्याने काढावं.

हृदय चालू झालं. पेसमेकर त्याच रात्री बसला. रेनोने सही केली तेव्हा शर्यतीचा विषय निघाला नाही. साइमा आता घरी असते. डोळे उघडे असतात. लेम्पी तिला चमच्याने भरवते आणि ती बहुतेक वेळा गिळते. डॉक्टरीणबाईंनी सुधारणेबद्दल काही सांगितलं नाही, आणि विचारणारं घरात कुणी नाही.

शनिवारी रेनो सौना तापवतो. आधी स्वयंपाकघरात साइमाचं मनगट धरतो.

"सोड तिचा हात," परवा लेम्पी म्हणाली. मी तिथेच पाव कापत होते. "मिनिटाला साठ. कधीही मोज, साठच. मशीन आहे ते."

तो उठून सौनात गेला. थोड्या वेळाने लेम्पी कपड्यांनिशीच त्याच्या मागे गेली. तिने दार उघडलं आणि तेव्हा म्हणायचं राहिलं होतं ते सगळं आता म्हटलं, मला घरात स्वच्छ ऐकू येईल इतक्या मोठ्याने. मग तिचा आवाज थांबला, आणि दगडांवर पाणी पडल्याचं ऐकू आलं.

मी टोकाचा तुकडा कापून ठेवला होता. तो चिवट असतो, साइमाला गिळता येत नाही. मी तो कॉफीत भिजत घातला.